दयामरण, इच्छामरण आणि ‘सुटली बिचारी’

सेलूच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: शाळेच्या वादविवाद स्पर्धेचा विषय लिहिताना ‘दयामरण’ म्हणावे की ‘इच्छामरण’? दोन्हींचा अर्थ एकच ना?

एकच नाही, ताई. विरोधी बाजूने बोलणाऱ्या मुलांचे निम्मे मुद्दे या फरकातच आहेत.

‘इच्छामरण’ म्हटले की आपल्याला भीष्म आठवतो. शंतनूचा वर होता, शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट त्याने स्वतः पाहिली. इच्छा त्याची, वेळही त्याचीच. ‘दयामरणा’तली दया मात्र मरणाऱ्याची नसते, बघणाऱ्याची असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल बातम्यांत सर्रास ‘इच्छामरण’ यायचे, ते मला तेव्हाही खटकले. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या काही सांगण्याच्या अवस्थेतच नव्हत्या. त्यांना मरू द्यावे ही याचिका लेखिका पिंकी विराणी यांची होती, केईएमच्या परिचारिकांना अरुणाताईंना सांभाळायचेच होते, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. यात अरुणाताईंची इच्छा कुठे आली? त्याच न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने उपचार थांबवण्याबद्दल आधीच लिहून ठेवता येते, तिथे ‘इच्छा’ शब्द शोभतो. इंजेक्शन देऊन जीव घ्यायला आपल्याकडे परवानगी नाही.

आपल्या मराठवाड्यात या शब्दाचा आणखी एक वापर आहे. मावेजा म्हणजे भरपाई अडकलेला, पीकविमा न मिळालेला शेतकरी कलेक्टरला अर्ज देतो: ‘इच्छामरणाची परवानगी द्या.’ त्याला मरण नको असते, मावेजा हवा असतो. गरिबीने, कर्जाने, एकटेपणाने वदवून घेतलेल्या वाक्याला इच्छा म्हणायचे का, हा दयामरणावरचा सामाजिक आक्षेप त्या अर्जातच लिहिलेला आहे.

माझी आजी औसा तालुक्यात दीड वर्ष अंथरुणावर होती. रोज म्हणायची, “उचल रे देवा आता, लेकरायचे लई हाल व्हायलेत.” हाल तिचे चालले होते आणि बोलत होती ती आमच्या हालांबद्दल. आईला शेतातून यायला उशीर झाला की हिचे डोळे दाराकडे. तिचे ते वाक्य कोणी कागदावर उतरवून अंगठा घेतला असता, तर कायद्याला ती इच्छा वाटली असती. मला मात्र तो तिचा संकोच वाटतो, आजही. शुद्धीत राहून, असह्य वेदनेत, विचार करून मरण मागणारी माणसेही असतात. त्यांच्यासाठी ‘इच्छामरण’ हाच शब्द खरा, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

आजी गेली तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, ‘सुटली बिचारी.’ ‘सुटणे’ अकर्मक. ‘सोडवणे’ सकर्मक, पण अशा वेळी त्याचा कर्ता देवच असतो: ‘देवानं सोडवलं.’ ‘लेकानं सोडवलं’ किंवा ‘डॉक्टरनं सोडवलं’ असे मयतीला मी कधी ऐकले नाही. देवाच्या जागी माणूस कर्ता म्हणून बसवायचा का, हाच तर नैतिक आक्षेप. ‘मरण’ही ‘मरणे’ या अकर्मक क्रियापदातून आलेले, म्हणून दोन्ही समासांत जीव घेणारा हात दिसत नाही.

तेव्हा विषय असा लिहा: ‘असाध्य रुग्णाला दयामरण द्यावे का?’ ‘मिळावे का’ असे नको. ‘मिळणे’ म्हटले की देणारा पुन्हा दिसेनासा होतो.