विहिरीला वास पहिल्यांदा कधी आला?

प्रश्न: वडिलांनी आमची जागा पेट्रोलपंपासाठी भाडेपट्ट्याने दिली होती. मुदत संपल्यावर कंपनीने जमिनीतल्या टाक्या काढल्या, खड्डे बुजवले. 'कोणतीही तक्रार नाही' अशा ताबा पावतीवर मी सही केली. पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. त्याला साडेचार वर्षं झाली. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे. आता माती-पाणी तपासून भरपाई मागता येईल का?

उत्तर: अशा प्रश्नांत बहुतेकांना ताबा पावतीची धास्ती असते. मला धास्ती तुमच्या साडेचार वर्षांची वाटते.

पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे तुम्हाला जावं लागेल. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १५ नुसार भरपाईचा किंवा जमीन पूर्ववत करून मिळण्याचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. ही पाच वर्षं दाव्याचं कारण 'पहिल्यांदा' घडलं त्या दिवसापासून मोजतात. सबळ कारण दाखवलंत तर वर फक्त साठ दिवस. प्रदूषण अजून चालू आहे, असा युक्तिवाद करता येतो, पण त्या 'पहिल्यांदा'पुढे तो कितपत टिकेल याची हमी मी देणार नाही. पत्रव्यवहाराने मुदत थांबत नाही. उलट कंपनीला पाठवलेलं पहिलं पत्र काढून वाचा. वास कधीपासून येतो हे त्यात तुम्हीच लिहून दिलं असणार, आणि समोरचा वकील तेच पान उघडेल.

तपासणी आजच सुरू करा, पण अहवालासाठी अर्ज अडवू नका. बुजवलेल्या खड्ड्याच्या मधोमध घेतलेला मातीचा एक नमुना काहीच सांगत नाही, कारण तिथे बाहेरून आणलेली भर आहे. टाकीच्या तळाखालची मूळ माती, पाइपलाइनचा मार्ग आणि पंपाच्या यंत्राखालची जागा तपासायला हवी; गळती पुष्कळदा टाकीपेक्षा पाइपाच्या सांध्यांतून होते. भूजल कुठे वाहतं हे कळायला निदान तीन निरीक्षण-बोअर लागतात, तेही एका रेषेत नसलेले. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. म्हणून खोल बोअरचं पाणी स्वच्छ निघालं तरी वरच्या थरात ते असू शकतं. पेट्रोलमधलं बेंझिन हे घातक रसायन उडून जातं, तेव्हा बाटली काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरायची आणि बर्फात ठेवून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवायची. नमुना कोणी, कुठून, किती वाजता घेतला याची सह्यांनिशी नोंद नसेल तर उलटतपासणीत अहवाल तग धरणं कठीण.

ताबा पावतीचं म्हणाल, तर करारातल्या हक्कांना तिचा फटका बसू शकतो. पट्टा वाचल्याशिवाय अधिक बोलत नाही. पण खड्डे उघडे होते तेव्हाच नमुने घ्यायचे होते. सही करताना तेवढं विचारलं असतंत तर आज बोअर खणायची वेळ आली नसती. मात्र लवादापुढे 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व लागू होतं आणि त्याच लवाद कायद्याच्या कलम १७ मध्ये चूक सिद्ध न करताही दायित्व येऊ शकतं.

निकाल लवकर लागेल या भरवशावर राहू नका. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी कारखान्यांनी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा, आणि २०११ मध्येही तिथे वसुलीचाच वाद चालू होता.

जागा विकायचा विचार असेल, तर हा दोष खरेदीदाराला लेखी सांगा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ तसं बंधन घालतं. नाहीतर पुढच्या खटल्यात प्रतिवादी तुम्ही असाल.