पद्मिनीच्या पुढच्या सीट बदलताना: आधी उंची मोजा, कापड नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 1986ची पेट्रोल प्रीमियर पद्मिनी, गिअर स्टिअरिंगवर, पुढे एकसंध लांब सीट, ड्रायव्हरच्या बाजूला पार बसलेली. एकीकडे भंगारातल्या मारुती झेनच्या सीट मिळतायत, दुसरीकडे ऑनलाइन मिळणाऱ्या लाल-काळ्या ‘रेसिंग’ बकेट (कडा उंच असलेल्या एकेकट्या सीट). यातल्या कुठल्या घ्याव्यात?

यातलं काहीही घेण्याआधी एक टेप घ्या. सीट बसेल की नाही हे ती कुठल्या गाडीची आहे यावर कमी आणि तीन मापांवर जास्त ठरतं: दबलेल्या गादीपासून छत किती, स्टिअरिंगची खालची कड किती, आणि दार ते बोगदा (मधला उंचवटा, ज्याखालून प्रोपेलर शाफ्ट जातो) रुंदी किती. रंग, शिलाई, कंपनी हे सगळं त्यानंतर.

गादी माणूस बसलेला असतानाच मोजायची. रिकामी गादी आणि बसल्यावरची गादी यांत 30 ते 50 मिमीचा फरक सहज पडतो, आणि जुन्या स्प्रिंगच्या सीटवर त्याहूनही जास्त. स्वतः बसा, दुसऱ्याला फ्लोअरच्या पत्र्यापासून मांडीखालच्या गादीपर्यंत माप घ्यायला सांगा. मग डोक्यापासून छताच्या अस्तरापर्यंत, आणि मांडीपासून स्टिअरिंगच्या कडेपर्यंत. आता नवी सीट दुकानातच सपाट जमिनीवर ठेवून तिच्यावर बसा आणि रनरच्या (ज्या पट्ट्यांवर सीट पुढे-मागे सरकते त्यांच्या) बुडापासून दबलेल्या गादीपर्यंत मोजा. त्यात खाली जी पट्टी किंवा अँगल येणार त्याची जाडी धरा. समजा जुनी सीट दबून 310 मिमीवर होती आणि नवी 345 भरते. म्हणजे डोकं 35 मिमी वर जाणार आणि स्टिअरिंगखालची मांडीची जागाही तेवढीच कमी होणार. पद्मिनीचं स्टिअरिंग मोठं असल्यामुळे बहुतेक वेळा छताआधी मांडीच अडते. डोक्यावर निदान 50 मिमी आणि मांडीवर निदान 40 मिमी मोकळं राहिलं पाहिजे. क्लचवरून पाय उचलताना गुडघा वर येतो, त्यामुळे मांडीचं माप पाय क्लचच्या वर धरूनच घ्या.

यात एक फसवी गोष्ट आहे. आत्ताची सीट खचलेली आहे, म्हणून आज तुम्हाला छत ऐसपैस वाटतं. खचलेल्या गादीवरचं माप ‘मूळ’ धरू नका. पॅसेंजरच्या बाजूला, जिथे गादी कमी झिजली असते, तिथेही बसून मोजा.

रुंदीचं गणित वेगळं आहे. मारुती 800च्या सीट पद्मिनीत इतक्या दिसतात त्यामागे कारण आहे. 800 बाहेरून 1,440 मिमी रुंद आणि पद्मिनी 1,460, म्हणजे दोन्ही गाड्यांतली सीट अरुंदच लागते. झेन जराशी रुंद गाडी, तिची सीटही खांद्याला थोडी भरीव. बसेल, पण दाराच्या बाजूची पाठ मागे-पुढे करायची दांडी बघा. तिथे हात जायला आणि फिरवायला 40 मिमी तरी हवेत. नाहीतर दार उघडल्याशिवाय पाठ हलणार नाही, किंवा दार लावताना दांडी दाराला घासेल. ड्रायव्हरची आणि पॅसेंजरची अशी जोडीच घ्या. दोन ‘ड्रायव्हरच्या’ सीट स्वस्तात मिळाल्या तर एकीची दांडी बोगद्याकडे येते.

सीट दाराला लागते म्हणून आत सरकवण्याचा मोह होतो. थोडी चालते. पण सीटची मध्यरेषा स्टिअरिंगच्या मध्यरेषेपासून 30-40 मिमीहून जास्त सरकली की तुम्ही तिरके बसून गाडी चालवता, आणि ते तासाभराने कंबरेला कळतं. स्टिअरिंगवरची गिअरची दांडीही विसरू नका. ती खालच्या बाजूच्या गिअरला आली की डाव्या गुडघ्याच्या जवळ येते. मांडीच्या कडेला उंच उशा असलेली सीट पाय आत-बाहेर हलू देत नाही, मग गुडघा आणि दांडी एकमेकांना भेटतात. तुमच्या ‘रेसिंग’ बकेटवरचा माझा पहिला आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप बेल्टचा. त्या बकेटच्या खांद्याजवळची भोकं चार-पाच पट्ट्यांच्या हार्नेससाठी असतात. तीन बिंदूंच्या साध्या बेल्टला त्यांचा काही उपयोग नाही. उलट कडेच्या उंच उशा कमरेची पट्टी हाडावर बसू देत नाहीत, ती पोटावर चढते. धक्का बसला तर पोटावरचा बेल्ट आतल्या अवयवांवर दाबतो. दिसायला छान असल्या तरी रोज वापरायच्या पद्मिनीला मी त्या सुचवणार नाही.

मग 800 की झेन? तुमच्या मापात बसत असेल तर 800ची, अंगभूत हेडरेस्ट असलेली. जुन्या लांब सीटची पाठ खांद्याच्या खाली संपते, मागून कोणी ठोकलं तर मान मागे फेकली जाते. सीट बदलायचं हे सगळ्यात खरं कारण, आराम दुय्यम. हेडरेस्टचा वरचा काठ कानाच्या वरच्या टोकाइतका तरी आला पाहिजे. जुन्या पाठीवर अडकवायचे उशीसारखे हेडरेस्ट मिळतात, त्यांना मागे आधार नसतो, ते सोडा. अगदी अलीकडच्या गाड्यांच्या सीटही नकोत. जाड, जड आणि बऱ्याचदा कडेला एअरबॅग. सीटच्या बाजूला ‘एसआरएस’चं (एअरबॅगच्या खुणेचं) लेबल किंवा खाली पिवळा कनेक्टर दिसला तर ती सीट तिथेच ठेवा.

नंतरच्या काही पद्मिनींत पुढे सुट्या सीट होत्या. त्यांची जोडी रनरसकट मिळाली तर ती पहिली पसंती. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षं ऑक्टोबर 2023मध्ये संपली, त्यामुळे टॅक्सीचा माल आता आटत चाललाय. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याचं नाना पेठ इथे विचारणा करून ठेवायला हरकत नाही. डुक्कर फियाटच्या (पद्मिनीच्या आधीच्या जुन्या फियाट 1100च्या) सीट कोणी ‘तशाच असतात’ म्हणून देऊ केल्या तर मापं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

भंगारातली सीट घेताना कापड फाटलंय का ते बघू नका, ते तसंही बदलणार. उलटी करा. रनरच्या खाचेत चिखलाचा सुकलेला थर असेल तर ती पुरातल्या गाडीतली आहे. फोम कितीही धुतला तरी पहिल्या पावसात वास येतो आणि रनर आतून गंजत राहतो. रनर पूर्ण पुढे-मागे सरकवा. दोन्ही बाजूंचं लॉक एकाच वेळी बसतं का ते ‘खट्’ आवाजावर ऐका. मग पाठ धरून जोरात हलवा. बिजागरीजवळ फ्रेमला केसासारखी चीर किंवा वेल्डिंगचा जुना ठिगळ दिसला तर पुढची जोडी बघा. सीटबरोबर तिचे बोल्टही मागून घ्या.

आता खरं काम, बसवणं. इथेच बहुतेक गाड्यांची वाट लागते. 800 पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तिच्या फ्लोअरचा आकार वेगळा. म्हणून तिच्या सीटचे चार पाय एका पातळीत नसतात, पुढचे-मागचे वेगळे आणि आतले-बाहेरचेही वेगळे. पद्मिनीच्या फ्लोअरवर ती ठेवली की डुगडुगते. मिस्त्री काय करतो? पाय कापतो आणि रनरवरच वेल्डिंग मारतो. हे अजिबात करू देऊ नका. उष्णतेने रनरची खाच वाकते, आतलं ग्रीस आणि प्लॅस्टिक जळतं, आणि एका बाजूचं लॉक नीट बसेनासं होतं. एकाच बाजूने अडकलेली सीट रोजच्या चालवण्यात कळत नाही, जोरात ब्रेक मारला की कळते.

मूळ सीटचे बोल्ट जिथे होते तिथे फ्लोअरला जाडी दिलेली असते. तीच भोकं वापरा आणि त्यांवर एक अडॅप्टर फ्रेम करून घ्या: 40×40×5 मिमीचे अँगल किंवा 5 मिमीची जाड पट्टी, खाली गाडीच्या भोकांना आणि वर सीटच्या भोकांना जुळणारी. वेल्डिंग जे काय ते या फ्रेमवर, सीट आणि रनर काढून बाजूला ठेवून. टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारल्यावर पूर्ण वेल्डिंग करण्याआधी दोन्ही रनरमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा. फरक 1 मिमीच्या वर नको. रनर समांतर नसतील तर सीट मधेच अडकते आणि लोक म्हणतात ‘रनरच खराब आहे’.

फ्रेम करण्याआधी प्लायचे तुकडे खाली ठेवून सीट गाडीत मांडा आणि बसून बघा. दार लावा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, सगळे गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा, मागे कोणाला तरी बसवून त्याचे गुडघे बघा. नवी पाठ जुन्यापेक्षा बरीच जाड असते, ती जागा मागच्याची जाते. कल याच वेळी ठरवा. साधारण 300 मिमी लांबीच्या रनरला पुढे 20 मिमीचं पॅकिंग दिलं की गादी जवळजवळ 4 अंशांनी मागे झुकते. पुढून सपाट राहिलेल्या सीटवर ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो. मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप इथे कामाला येतं, गाडी मात्र सपाट जागी उभी हवी.

बोल्ट 8 मिमीचे, डोक्यावर 8.8 लिहिलेले. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे बिनखुणेचे नकोत. पिळ साधारण 25 न्यूटन-मीटर, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे). नवं भोक पाडावंच लागलं तर पत्र्याखाली 3 मिमी जाडीची लोखंडी प्लेट द्या, प्रत्येक बोल्टला निदान 40 चौरस सेंमीची, म्हणजे साधारण 65×65 मिमीचा चौकोन. मोटरस्पोर्टच्या नियमांत हीच किमान मापं आहेत. नुसता मोठा वॉशर म्हणजे प्लेट नव्हे, तो पातळ पत्र्यातून सरळ ओढला जातो. ड्रिल लावण्याआधी खाली वाकून ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग आणि सायलेन्सर कुठून जातात ते बघा.

त्याही आधी रबर मॅट उचलून जुना स्क्रूड्रायव्हर फ्लोअरवर दाबत फिरा. टोक आत गेलं तर सीटचं काम थांबवून आधी पत्र्याचं काम. पुढच्या काचेच्या रबरातून गळणारं पाणी मॅटखाली साठतं आणि वरून काहीच दिसत नाही. भोकांच्या कडांना प्रायमर, खालून सीलंट.

सीट बेल्ट: तुमच्या गाडीच्या काळात ते सक्तीचे नव्हते, त्यामुळे अँकरचे (बेल्ट गाडीच्या बॉडीला जिथे बांधतात त्या जागांचे) नट आहेत का ते तपासा. अँकरचा बोल्ट सहसा 7/16 इंची, बारीक आट्याचा असतो, त्यात मिलिमीटरचा बोल्ट कोंबू नका. भंगारातून आणलेल्या सीटच्या फ्रेमलाच बकल लावलेलं असेल तर ते वापरू नका. मग अपघाताचा सगळा ताण तुमच्या घरगुती अडॅप्टरवर येतो. बकल फ्लोअरला, प्लेट देऊन, स्वतंत्र लावा.

आता तो पर्याय जो तुम्ही विचारलाच नाही: जुनी सीट दुरुस्त करणं. गाडी महिन्यातून दोनदाच निघत असेल आणि मूळ रूप जपायचं असेल तर मी हेच करेन, फक्त मानेचा मुद्दा लक्षात ठेवून. फ्रेम उघडून तुटलेल्या स्प्रिंग त्याच जाडीच्या तारेच्या घाला, वर गोणपाट किंवा जाड फेल्ट, मग फोम. फेल्ट टाळलं तर स्प्रिंग वर्षभरात फोम कापतात. बसायला 40 डेन्सिटी (घनमीटरला 40 किलो), पाठीला 32 पुरतो. दुकानदार 40 सांगून हलका देतो, म्हणून वजन करा: 1 मीटर बाय 1 मीटर, 50 मिमी जाड 40 डेन्सिटीचा तुकडा 2 किलो भरला पाहिजे. गादीवाल्याला आधीच सांगा की दबलेली उंची अमुक हवी, नाहीतर तो खुशाल 100 मिमी फोम भरून देईल आणि तुम्ही स्टिअरिंगवर बसाल. रेग्झिन हवं असेल तर बसायच्या भागाला छिद्रांचं घ्या, मे महिन्यात फरक कळतो.

कागदपत्रांचं थोडं. आरसीवर आसनक्षमता किती लिहिली आहे ते बघा. पुढे दोन सुट्या सीट आल्या की पुढची तिसरी जागा जाते. गाडी पुढे 50 वर्षांची होऊन व्हिंटेज नोंदणीला जाणार असेल तर 2021च्या नियमांत चासी, बॉडीशेल आणि इंजिनात बदल नको अशी अट आहे. म्हणूनही फ्लोअर कापू नका. जुनी सीट, तिचे रनर आणि बोल्ट पिशवीत चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. रेग्झिन न दुमडता, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी.

बसवून झाल्यावर 100-150 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा पाना लावून बघा. रंगाचा थर आणि सीलंट दबतात, आणि पहिल्याच तपासणीत एखादा तरी अर्धा आटा फिरतो. मापं घेतलीत की इथे टाका, रुंदी आणि दबलेली उंची दोन्ही, मग 800 की झेन ते नक्की सांगता येईल.