नोत्र दामचा ऑर्गन ऐकताना

प्रश्न : सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यपदांना ऑर्गनची साथ ऐकली आहे. स्वतः पेटी वाजवतो. पुढच्या महिन्यात मुलाकडे पॅरिसला जाणार आहे. तिथल्या नोत्र दाम चर्चमधला ऑर्गन हाच का? तो ऐकायला कुठे बसावे? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाव एक, वाद्ये निराळी. नाट्यपदांचा ऑर्गन ही पायांनी भाता मारायची पेटीच. त्यात पितळी सूर, म्हणजे पत्त्या, थरथरतात. नोत्र दामच्या वाद्यात सुमारे ८,००० नळ्या आहेत. बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. ट्रम्पेटसारख्या काहींतच पितळी पत्ती असते.

पेटीवाल्याला सर्वांत आधी जाणवेल ते हे, की भात्याच्या हाताने आवाज लहानमोठा करता येत नाही. हवेचा दाब कायम ठेवलेला असतो. पट्टी हळू दाबा की जोरात, तिने फक्त झडप उघडते. आवाज वाढवायचा तर आणखी स्टॉप, म्हणजे नळ्यांचे संच चालू करणाऱ्या खुंट्या, ओढायचे. असे ११५ स्टॉप आणि हातांसाठी पट्ट्यांच्या ५ रांगा इथे आहेत, शिवाय पायांसाठी एक. स्टॉपवरचा आकडा त्याच्या सर्वांत लांब नळीची लांबी फुटांत सांगतो. ८ म्हणजे तुमच्या पेटीतला नर (मधला सूर), १६ खर्ज (खालचा), ४ मादी (वरचा). ३२ फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला जेमतेम १६ कंपनांचा. तो कानापेक्षा छातीत आणि खुर्चीच्या लाकडात कळतो. त्याची वाट पाहा.

ऑर्गन वेदीजवळ नसून मुख्य दरवाजाच्या वर, सज्जात आहे. त्यामुळे आवाज पाठीमागून येतो. सज्जाखाली बसू नका, तिथे तो डोक्यावरून निघून जातो. फार पुढे गेलात तर घुमारा इतका, की जलद स्वर एकमेकांत मिसळतात. मधल्या दालनाच्या साधारण मध्यावर बसा.

२०१९ च्या आगीत हे वाद्य जळाले नाही, पण शिशाची धूळ आत शिरली. २०२० मध्ये ते उतरवले, पुढे साफ करून पुन्हा बसवले आणि सुरात लावायला महिने लागले. हे काम रात्रीच्या शांततेत करत. ७ डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा वाजले. सुरात लावताना तापमान सांभाळावे लागते. हवा तापली की बासरीसारख्या नळ्या चढतात, दर अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पत्तीच्या नळ्या जवळपास जागेवरच राहतात आणि दोघींचे पटत नाही. सोलापूरच्या मे महिन्यातही पेटी फारशी हलत नाही, ती पत्तीमुळेच.

प्रवेश विनामूल्य आहे. रविवारची प्रार्थना निवडा आणि अर्धा तास आधी पोहोचा. प्रार्थना संपल्यावर लोक उठून चालू लागतात, त्याच वेळी वादक सगळे स्टॉप उघडून वाजवतो. तुम्ही जागेवरून हलू नका. शेवटची पट्टी सुटल्यावरही सूर काही सेकंद कमानदार छताखाली फिरत राहतो. तो पूर्ण विरेपर्यंत बसा.