एक्स-रे क्लिअर आला म्हणून थांबू नका, आणि आधी पलंगाखाली बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कोराडी रोडला घर, खिडकीत रोज करडी धूळ, बाबांचा खोकला तीन महिने जात नाही, एक्स-रे मात्र क्लिअर, मग एअर प्युरिफायर घ्यावा का. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी अगदी हेच चाललं होतं. आम्ही नागपुरातच झिंगाबाई टाकळीला राहतो. बाबा तेव्हा 68 वर्षांचे, बीपीची गोळी चालू, विडी-सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. तेव्हा औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी फक्त आमचं कुठे चुकलं ते सांगतो.

घरापासून दोन गल्ल्यांवर आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीट बनवायचा प्लांट आहे. धूळ डोळ्यांना दिसत होती, म्हणून सगळा राग त्या धुळीवर. आठ महिने मी अर्ज घेऊन फिरलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. आधी म्हणाले हद्द आमची नाही. मग पाहणीला आले ते रविवारी, प्लांट बंद असताना. शेवटी पत्र आलं की हवेची पातळी निकषात आहे, तक्रार निकाली काढली. हा 'निकष' शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं तापतं. पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी आपल्याकडची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली 15 आहे. आणि ही दिवसभराची सरासरी. डिसेंबरात नागपूरला पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते, पालापाचोळा जाळलेला धूर वर जातच नाही, दुपारी ऊन तापलं की हवा मोकळी होते. बाबा फिरायला निघायचे पहाटे साडेपाचला, कारण सकाळची हवा चांगली असते असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

पण सगळ्यात महाग पडलेली गोष्ट घरातच होती. दिवाळीनंतर बाबा पंधरा दिवस बहिणीकडे अमरावतीला गेले आणि खोकला निम्म्यावर आला. मी ते प्लांटविरुद्धच्या अर्जात पुरावा म्हणून लिहिलं! परत आले, तिसऱ्या रात्री तीन वाजता पुन्हा ढास. पाणी द्यायला गेलो, वाकलो, तर पलंगाखाली डासांच्या कॉइलचा पत्र्याचा स्टँड, टोक लाल, खाली राखेचं अर्धं वेटोळं, दारं-खिडक्या धुळीच्या भीतीने घट्ट बंद. बहिणीकडे मच्छरदाणी होती. धूळ आत येऊ नये म्हणून मीच खिडक्या बंद करायला लावल्या होत्या, आणि तो धूर रात्रभर बाबांच्या छातीत जात होता.

नंतर वाचलं, 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. खिडकीत बोटाला लागते ती धूळ जाडी, त्यातली बरीचशी नाका-घशातच अडकते. तीही त्रास देतेच, प्लांटला मी निर्दोष म्हणत नाही. पण धुरातले कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शापेक्षाही लहान, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून बीपीवाल्या माणसाला खोकल्याइतकीच हृदयाची आणि लकव्याची काळजी असते. हे आम्हाला छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर एक वर्ष कफ सिरप आणि अँटिबायोटिकमध्ये गेलं होतं.

त्यांनी एक्स-रे बघून बाजूला ठेवला आणि फुंकायची टेस्ट करायला लावली, स्पायरोमेट्री. ताई, हीच करा, या आठवड्यात करा. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सुरुवातीला एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. टेस्ट घेणारी मुलगी "फुंका काका, अजून, अजून, अजून" म्हणत होती आणि बाबांचा श्वास मध्येच संपत होता. पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं तरी गुणोत्तर, म्हणजे पूर्ण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेला हिस्सा, 0.58 आलं, 0.70 च्या खाली म्हणजे नळ्या अरुंद. डॉक्टर म्हणाले, एका कारणावर बोट ठेवता येणार नाही, पण झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. त्या दिवशी घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही.

आता बाबा मच्छरदाणीत झोपतात, आठ वाजल्यानंतर ऊन आलं की फिरतात, अगरबत्ती देवघरात एकच आणि खिडकी उघडी ठेवून. झाडू मारण्याआधी ओला फडका. इनहेलर रोज, बरं वाटलं तरी रोज. सवय लागते म्हणून तो बंद करायला सांगणारे शेजारी तुम्हालाही भेटतील, त्यांचं ऐकू नका.

प्युरिफायर: माझं मत, आधी कॉइल बंद करा, मग पैसे खर्च करा. घ्यायचाच तर सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरवाला, खोलीच्या मापाचा, ओझोन हा छातीला त्रास देणारा वायू सोडणारा नको. फिल्टर बदलायचा खर्च दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारून घ्या.

अर्ज मात्र करा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पाहणी कामाच्या दिवशी व्हावी असं अर्जातच लिहा. टेस्टचा रिपोर्ट आला की पंपानंतरचा आकडा इथे टाका, मी बाबांचा जुना कागद शेजारी ठेवून वाचतो.