३८६ मशीनची (जुन्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीची) तारीख दर वेळी १९८० वर जाते. मदरबोर्डावरच्या बॅटरीऐवजी सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल लावू का?

थेट लावू नका. बोर्डाला सोल्डर केलेली ती पिंपाच्या आकाराची बॅटरी निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची असते आणि मशीन चालू असताना बोर्डच तिला चार्ज करतो. सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नाही, तो फुटू शकतो. मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच.

पण तारखेपेक्षा मला बोर्डाची जास्त काळजी वाटते. बॅटरीच्या टोकांशी हिरवट-पांढरा थर दिसतोय का? तो गळलेला अल्कली तांब्याचे ट्रॅक खातो, आणि जवळच असलेली कीबोर्डची चिप बऱ्याचदा त्यात जाते. बॅटरी आजच कापून काढा, अगदी थर दिसत नसला तरी. हातमोजे घालून इअरबडने पांढरं व्हिनेगर लावा, ओल्या फडक्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका.

बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतील तर उत्तमच: तीन एए सेलचा होल्डर, डायोडसकट, वायरने लांब केसच्या तळाशी ठेवा. पुढे सेल गळले तरी बोर्ड वाचतो. बाहेरची बॅटरी निवडणारा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) बदलायला विसरू नका. बॅटरी काढल्यावर सेटिंग पुसली जातात, म्हणून नंतर सेटअपमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) हार्ड डिस्कच्या मांडणीचे आकडे, म्हणजे सिलिंडर, हेड, सेक्टर, पुन्हा भरावे लागतील; ते आकडे बहुधा डिस्कच्या लेबलवरच असतात.