तारीख लिहून ठेव

प्रिय बाय,

तुमच्या घरच्या आजारी माणसाला आधी स्किझोफ्रेनिया म्हणाले, म्हणजे भास-भ्रमांचा आजार; मग बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद, मनाचं बेसुमार उधाण; आता गोव्यातल्या बांबोळीच्या मनोरुग्णालयात स्किझोअफेक्टिव्ह. म्हणजे डॉक्टरांनाच कळत नाही, असं तू लिहितेस. तसं नाही गं. स्किझोअफेक्टिव्ह हा आजार एका भेटीत पकडता येत नाही. त्यात भास-भ्रम असतात आणि नैराश्य किंवा उन्मादही असतो. निदान ठरतं ते कशाच्या वेळी काय होतं यावर. नैराश्य-उन्माद दोन्ही नसताना भास किंवा भ्रम किमान 2 आठवडे टिकले का? आणि एकूण आजारपणात नैराश्य-उन्मादाचा काळच जास्त आहे का? दोन्हीचं उत्तर हो आलं तर स्किझोअफेक्टिव्हचा विचार होतो. तारखांशिवाय हे कोण सांगणार?

म्हणून तारीख लिहून ठेव. 'चवथीपासून वेगळाच वागतो' हे नको. 'आज नीट जेवला, उदास नाही, उधाणलेलाही नाही. पण पंख्यातून कोणी बोलतंय म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसला', असं लिही. ही ओळ डॉक्टरांना हवी असते.

माझ्या धाकट्या भावाला कित्येक वर्षं फक्त भासांवरची गोळी मिळाली. तो महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून पडायचा, ते त्या दवाखान्यात कोणी विचारलंच नाही. ती वर्षं अजून सलतात. मग मी कॅलेंडरवर रोज लिहू लागलो. घरचे म्हणाले, भावावर पोलीस बसवलास. म्हणू देत! ते कॅलेंडर पाहूनच नव्या डॉक्टरांनी लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, जोडलं. आजही मी तेच करीन.

वही त्याच्यापासून लपवू नको. तो 'असं नव्हतं' म्हणाला तर तेही लिही. गांजा ओढला असेल तर तेही, न चिडता. देवाला कौल लाव, माझी ना नाही. गोळी चुकली तर मात्र ती तारीख वहीत हवी. लिथियम सुरू झालं तर रक्त तपासल्याची तारीखही. उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात फार घाम गेला, तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. लगेच डॉक्टरांना विचार.

मरणाची भाषा केली तर वही बाजूला ठेव. त्याला एकटं सोडू नको, 14416 या सरकारी मानसिक आरोग्य मदतक्रमांकाला फोन लाव, नाहीतर थेट इस्पितळात ने.

पुढची भेट कधी आहे? तेही तू लिहिलेलं नाहीस. त्याआधी आठवड्याभराची पानं मला दाखव.

तुझा,
काका