वाचकांचे प्रश्न : मोबाईल हातात, अर्ज मात्र दुकानातून

प्रश्न : मी इंदूरला राहते आणि देपालपूर तहसिलीतील एका शाळेत नववी-दहावीला शिकवते. मुले मोबाईल सराईतपणे वापरतात. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली, की ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानात जातात आणि पासवर्डही दुकानदाराच्याच वहीत राहतो. शाळेचा संगणक कक्ष बहुधा कुलूपबंद असतो. अशा वेळी मुलांना नेमके काय शिकवावे?
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रातील ती वही मला कक्षाच्या कुलपाहून अधिक चिंतेची वाटते. ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांविषयी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात दिसते, की सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, मात्र त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के होती. म्हणजे बोटे सरावली आहेत, पण आपल्या नावाचे खाते आपण सांभाळायचे असते, ही समज अजून यायची आहे.

म्हणून सुरुवात त्या अर्जापासूनच करावी. त्यातले रकाने मुलांकडून आधी वहीत भरून घ्या : मध्य प्रदेश सरकारने दिलेला नऊ आकडी समग्र क्रमांक, आधारवर आहे तसेच नावाचे स्पेलिंग, बँकेचा आयएफएससी कोड आणि मुख्य म्हणजे मोबाईल क्रमांक. घाईत दुकानदाराने स्वतःचाच क्रमांक टाकला, तर पुढचे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि विसरलेला पासवर्ड बदलायलाही त्याच्याच दारी जावे लागते. त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. रांग मोठी असते आणि मुलगा समोर गप्प उभा असतो. दुकानात जायला हरकत नाही, परंतु ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी मुलाने पडद्यावरचे सगळे स्वतः वाचावे, अर्ज क्रमांक उतरवून घ्यावा आणि घरी येऊन पासवर्ड बदलावा, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले.

मुलींकडे वेगळे लक्ष द्यावे लागेल. त्याच अहवालानुसार, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडेच. वर्गात चौघांत एक फोन दिला, की तो आपोआप मुलांच्या हाती जातो आणि मुली मागून डोकावतात. तेव्हा गटच मुलींचे वेगळे करा. (कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांकडे लेखी मागावी, तोंडी विनंत्या हवेत विरतात.)

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की करून घ्या : पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तत्काळ फोन करायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. आणि घरचे रागावतील या धाकाने मुले नेमकी तीच वेळ दवडतात, हे पालकसभेतही स्पष्ट सांगावे.